मायच्या झोपेच्या गोळ्या

वडील मिलमधून पाळी संपवून आले, छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेताना रिक्षातच गेले. त्यानंतर मायला झोप लागेना. बमरोलीच्या आमच्या दोन खोल्यांत ती भिंतीला टेकून उघड्या डोळ्यांनी बसून राही. जेवणावरची वासना उडालेली. शेवटी दादाने तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली आणि बजावलं, "थोडेच दिवस घ्यायची. मग परत दाखवा."

गोळीने काम केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. माय झोपली. चहा मागू लागली, वहिनीशी बोलू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी काही आलं नाही, पण आम्हाला तेही बरंच वाटलं. परत दाखवायला मात्र ती गेली नाही. रिकामी पट्टी दाखवली की गल्लीतला गुजराती मेडिकलवाला "लो बा", घ्या माय, म्हणत नवी पट्टी हातात देई. पुढे एका गोळीने भागेना, मग ती दोन घेऊ लागली.

अशी वर्षं गेली. माय भाजीत दोनदा मीठ घाली. बोलता बोलता शब्द हरवे, दुपारीही पेंगे. चालताना भिंत धरी. वय झालं, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. मग एका सकाळी ती मोरीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर दादाला म्हणाले, "या गोळ्यांनी तोल जातो, विसर पडतो. त्या बंद करायच्या आहेत, पण हळूहळू. एकदम नाही." 'बंद करायच्या'च्या पुढचं दादाच्या कानात शिरलंच नाही. घरी येताच त्याने सगळ्या पट्ट्या गटारात टाकल्या आणि मेडिकलवाल्याशी भांडून आला. एवढ्या वर्षांनी कुणावर तरी राग काढता आला, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मायला घाम फुटू लागला. हात थरथरायला लागले. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून ती ओरडे. वहिनी तिला खिचडी भरवत असताना तिची दातखीळ बसली आणि सगळं अंग झटके देऊ लागलं. तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई दादावर रागावल्या नाहीत. "शरीराला सवय लागली की गोळी अशी एकदम तोडता येत नाही. जिवावर बेततं," एवढंच त्या म्हणाल्या. गोळी पुन्हा सुरू झाली, थोडी थोडी कमी करत नेण्यासाठी.

मी शिकवते ती उधन्याची शाळा सुटली की मी तिच्याजवळ जाऊन बसायची. गोळी कमी होत गेली तशी तिची नजर स्वच्छ होऊ लागली. मला आनंद झाला होता. एका दुपारी तिने माझा हात धरला.

"तुना बाप गया, तव्हय माले रडू बी उनं नही."

"जाऊ दे माय, किती वर्षं झाली."

"माले काहीच आठवत नही वं. त्याले कोनी नेलं, मी कुठे होती?"

मी सांगितलं. रिक्षा, दवाखाना, घरी आणलं ते, सगळं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा पिळवटत चालला होता. मग ती रडू लागली, दार उघडून कुणी नुकतीच बातमी दिल्यासारखी. शेजारणी धावत आल्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं. काय सांगणार होते मी त्यांना? ज्या माणसाचे सगळे विधी कधीच उरकले होते, त्याच्यासाठी माय आता रडत होती, आणि इतक्या वर्षांनी सांत्वनाला यावं असं कुणाला वाटणार नव्हतं.

दादा पायरीवर जाऊन बसला. "मी तिचं बरं केलं का वाईट?" त्याने विचारलं.

ते रडणं अजून थांबलेलं नाही. हाड जुळलं, पण तिचे पाय धरत नाहीत. तिला एकटं सोडता येत नाही म्हणून वहिनीने साड्यांवर टिकल्या लावायचं काम सोडलं. गोळी अर्ध्यावर अडली आहे. त्याखाली गेलं की पुन्हा थरथर सुटते. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाई नको.

कालही तिने मागितली. "पुरी दे ना वं, बेटा. माले आठवन नको."

मी अर्धीच दिली. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मी चपला घालून बाहेर पडले.