पळून राहिली

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण माझ्या हातचा एक जबाब अजून डोक्यातून जात नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. शेवटच्या बदलीवर नागपुरात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. दुपारी जरीपटक्याच्या एक आजी ठाण्यात आल्या.

“सायेब, सून कोकणात समुद्रावर गेली. तिथं पळून राहिली. कालपासून फोन लागून नाही राहिला. जरा पाहा ना.”

मी पेन उघडलं. “कोणासोबत?”

“लय लोकं हायेत.”

“नवऱ्याला माहीत आहे?”

“त्यानंच तर गाडीत बसवून देल्लं तिले!”

मी कान टवकारले. जबाब लिहिला. ‘वाचून दाखवला, बरोबर आहे’ ही शेवटची ओळही लिहिली. वाचून मात्र दाखवला नाही. सुनेचा फोटो कोकणातल्या ठाण्याला पाठवला आणि नवऱ्याला समोर बसवला.

“बायको कोणाच्या हवाली केलीस?”

“कोचच्या, साहेब.”

मी ‘कोचे’ असं आडनाव लिहून घेतलं. तीस वर्षांचा अनुभव बोलत होता!

साडेपाचला कोकणातून व्हिडिओ कॉल आला. सून लॉजवर सापडली होती. आता तिथल्या ठाण्यात बाकावर रडत बसली होती.

“बाई, घाबरू नका. पळून का आलात?”

“पळून काहून येईन? पळायचं तर उद्या हाय! फोन लाटेत भिजला, एवढंच. सहाले नंबर वाटणं बंद होते साहेब. आठ महिने पहाटे पळून राहिली मी, अन् तुम्ही मले इथं बसवून ठेवलं!”

पुन्हा तेच! शेजारी उभ्या असलेल्या उमरेडच्या हवालदारांनी जबाब वाचला आणि ओठ चावले. “साहेब, आमच्याकडे ‘पळून राहिली’ म्हणजे धावते आहे. मॅरेथॉन, साहेब. समुद्राच्या काठानं.”

मी पडद्यावरच्या अधिकाऱ्याला हात जोडले. त्याने तिला स्वतःच्या जीपमध्ये घातलं. सहाला पाच मिनिटं कमी असताना छातीवर लावायचा नंबर तिच्या हातात पडला.

दोन दिवसांनी आजी फोटो घेऊन आल्या. मागे निळा समुद्र, गळ्यात पदक, चेहरा घामाने निथळलेला. “पाहा गा सायेब, माही सून!”

त्यानंतर मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय एकही जबाब मी सहीसाठी पुढे केला नाही. माणूस त्याच्या बोलीत सांगतो, आपण आपल्या गावच्या कानांनी ऐकतो.

आता मनीषनगरात राहतो. सकाळी मैदानावर धापा टाकत दोन फेऱ्या मारतो. घरी फोन आला की बायको नागपुरी ठसक्यात सांगते, “साहेब पळून राहिले.”

साताऱ्याचा भाऊ दर वेळी दचकतो, “कोणासोबत?”