आजोबांच्या छातीवरची नात

गॅरेजमधल्या म्हाताऱ्या वेल्डरची नात सातव्या महिन्यातच जन्मली, वजन जेमतेम सव्वा किलो. "ही काही जगायची नाही, उगाच जीव लावू नका," म्हणत त्याच्या मुलाने, बाळाच्या बापानेच, हॉस्पिटलकडे पाठ फिरवली. सून तापाने फणफणलेली. सिस्टर म्हणाली, "बाळाला घरच्या कुणाच्यातरी उघड्या छातीची ऊब हवी."

"माझी चालेल?" म्हातारा शर्टाची बटणं सोडतच म्हणाला.

रोज स्वच्छ आंघोळ करून तो खुर्चीत रेलून बसे आणि नातीला छातीशी बांधून घेई. ती तिथे इवलेइवले श्वास घेई, आणि त्याच छातीच्या आत मुलावरचा राग धुमसत राही. 'तुझ्या नाकावर टिच्चून जगवतो हिला!' सून बरी झाल्यावर दोघांनी पाळ्या लावल्या.

दीड महिन्यात पोरगी दोन किलोंची झाली. तेव्हा कुठे मुलगा खुळखुळा घेऊन उगवला.

"बाबा, द्या ना माझ्याकडे."

म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं. तिने ठामपणे नकारार्थी मान हलवली.

"बाहेर बस," म्हातारा म्हणाला.

वॉर्डच्या काचेपलीकडे मुलगा ओक्साबोक्शी रडू लागला. म्हाताऱ्याला त्याची जराही कीव आली नाही. उलट काळीज थंड झालं, आणि तो पोरीचं पांघरूण सारखं करू लागला.