मुकादमाचा पुडा

लेबलं छापणाऱ्या प्रेसमध्ये तिला सगळे भिंगवाली म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग असायचं आणि ते जेवतानाही उतरत नसे. जॅमची बाटली असो, साबणाची वडी असो की खोकल्याचं औषध, छापायला जाणारं प्रत्येक लेबल आधी तिच्या टेबलावर यायचं. तिची सही झाल्याशिवाय मशीन हलायचं नाही. मालकसुद्धा तिच्या टेबलाजवळून दबकत जायचे, कारण बाई वाचत असताना कुणी खोकलं तरी तिचा पारा चढायचा.

आणि ती वाचायची उलटं. म्हणजे शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. ही तिच्या गुरूची, प्रेसमधल्या जुन्या तपासनीसाची शिकवण. "अर्थात शिरलीस की गेलीस," तो सांगायचा. "मजकूर कळला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते." तिने हे असं काही मनावर घेतलं की एवढ्या वर्षांत हजारो लेबलं डोळ्यांखालून गेली, पण कशात काय असतं हे विचाराल तर बाई कोरी पाटी!

आता घरी या. घरात नवरा, जो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरी आला की जेवून आडवा व्हायचा. सासूबाई, ज्यांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि ज्या काळा चष्मा लावून सगळ्यांवर हुकूम सोडायच्या. आणि मुकादम. मुकादम म्हणजे करड्या रंगाचा, रुंद तोंडाचा बोका. कपाटाच्या माथ्यावर बसून घरातल्या प्रत्येकाच्या कामावर नजर ठेवायचा, म्हणून ते नाव. सासरे गेले त्या आठवड्यात तो कपाटावरून उतरून सासूबाईंच्या पायाशी झोपायला आला आणि तेव्हापासून रात्रीची त्याची जागा तीच. दिवसा मुकादमकी, रात्री राखण.

तर हा मुकादम खाजवायला लागला. मानेवरचे केस गेले, कानामागे लाल चट्टे पडले, खाल्लेलं अधूनमधून ओकायला लागला. पुढे तर कपाटावर उडी मारणंही त्याने सोडलं. खाली फरशीवर बसून वर बघायचा नुसता. सासूबाईंना दिसत नव्हतं, पण त्या रोज रात्री त्याच्या मानेवरून बोटं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आज जास्तच गेलंय गं."

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "बहुतेक कोंबडी सोसत नाहीये याला. दोन महिने कोंबडीचा कणसुद्धा नको. दुसरं कुठलं तरी एकच मांस असलेलं खाणं द्या. आणि घेताना लेबल नीट वाचा."

लेबल वाचा! आणि हे कुणाला सांगताय? भिंगवालीला हसूच आलं. दुकानात गेली तर समोर चंदेरी खवल्यांचा मोठा मासा असलेला निळा पुडा. तिच्याच प्रेसमध्ये छापलेला! माहेरचं माणूस भेटावं तसा तिला आनंद झाला. याच पुड्याच्या चंदेरी शाईसाठी तिने मशीनवाल्याशी भांडण केलं होतं. तो चंदेरी खवला जिथल्या तिथे बसला होता, रंग जरासुद्धा सरकलेला नव्हता. जी कंपनी स्वल्पविरामाची एवढी काळजी घेते ती मांजराची घेणार नाही का? घेतला पुडा आणि आली घरी.

आठवडे गेले. मुकादम वाळत चालला. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, "लेबल वाचलंत ना?"

"वाचलंत काय म्हणता? अहो, ते लेबल माझ्याच हातून गेलंय! त्यात एक चूक काढून दाखवा."

डॉक्टरबाईंचा नाइलाज झाला. "मग अन्नाचं कारण नसावं. पुढच्या खेपेला खाजेच्या गोळ्या सुरू करू. कदाचित जन्मभर घ्याव्या लागतील. वय झालंय त्याचं, अंगावर येऊ शकतात, पण पर्याय नाही."

घरी येऊन भिंगवालीने सगळं सांगितलं. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. मग मुकादमाला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "तो पुडा आण बघू. माझं बाळ काय खातंय ते मला वाचून दाखव."

"आई, वाचलंय मी ते."

"तू वाचलंयस, मी नाही. मला दिसत नाही म्हणून सांगतेय ना! वाच."

आता दुसऱ्याला वाचून दाखवायचं तर उलटं कसं वाचणार? भिंगवालीने भिंग लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा घटकांची ओळ सुरुवातीपासून, मोठ्याने वाचली. "घटक. कोंबडीच्या मांसाची भुकटी, मका, कोंबडीची चरबी, तांदूळ, मासळीची भुकटी चार टक्के..."

"थांब!" सासूबाई कडाडल्या. मुकादम दचकून मांडीवरून उतरला. "काय म्हणालीस? कोंबडी?"

भिंगवालीने पुडा उलटून बघितला. पुढे मासा. मागे कोंबडी. पुन्हा पुढे मासा.

"नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!" सासूबाई म्हणाल्या. "आणि तुला हे दिसलं नाही?"

"दिसलं की! कोंबडी शब्द मी पाहिलाय, आई. अनुस्वार अगदी जागेवर होता!"

हे तोंडातून निघालं आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. ती खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली. फसवलं कुणीच नव्हतं. सगळं लिहिलेलंच होतं आणि तिनेच ते सही करून पास केलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण गंमत बघा, रडता रडता तिला हसू फुटलं, कारण दुसरी गोष्टही लख्ख डोक्यात आली. कोंबडी तर बंद झालीच नव्हती! म्हणजे उपाय फसलाच नव्हता, तो अजून केलाच नव्हता!

"आई, चपला घाला!"

दोघी दुकानात पोचल्या तेव्हा भिंगवालीच्या अंगात वारं शिरलं होतं. मांजरांच्या खाण्याच्या फळीसमोर उभी राहून, ओळीवर बोट ठेवून, ती सुलट वाचायला लागली, आणि तेही खणखणीत आवाजात, कारण सासूबाईंना ऐकायचं होतं. येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती. बघू देत!

"वजनाने जे जास्त ते आधी लिहितात, आई. आमच्याकडून साखर आणि मैदा उलटसुलट छापला गेला म्हणून एका बिस्किटवाल्याने अख्खा माल परत पाठवला होता." हा नियम तिला तोंडपाठ होता. त्याचा उपयोग काय, ते आज कळत होतं.

पहिला पुडा: "मांस व प्राणिजन्य पदार्थ."

"कुठल्या प्राण्याचे?" सासूबाई.

"लिहिलं नाही."

"मग ठेव खाली. ज्याला नाव सांगायला लाज वाटते त्याला घरात घ्यायचं नाही."

दुसऱ्यात पहिला मासा होता, दोघी खूश. पुढे मक्याचं पीठ, मक्याची प्रथिनं, मक्याचा कोंडा. "एकाच मक्याची तीन नावं!" भिंगवाली ओरडली. "तिन्ही एकत्र केले तर मासा कुठल्या कुठे जाईल!" आणि सगळ्यात शेवटी, चोरपावलांनी, कोंबडीचं यकृत. ठेव खाली.

तिसरा छोटा डबा. ट्यूना, पाणी, मीठ. बस्स! भिंगवालीने डबा छातीशी धरला. आनंद गगनात मावेना. पैसे द्यायला निघाली तर सासूबाई म्हणाल्या, "संपलं का सगळं वाचून?" खाली बारीक अक्षरात होतं, "पूरक आहार." दुकानदारीणबाई गल्ल्यावरून बोलली, "तो तोंडी लावायला आहे हो. रोज तेवढंच दिलंत तर मांजराचं पोषण व्हायचं नाही. संपूर्ण आहार लिहिलेलं बघा."

सगळ्यात खालच्या फळीवर मातकट रंगाचा एक पुडा होता. इतकं गचाळ छापलेलं लेबल तिने जन्मात पाहिलं नव्हतं. लाल रंग एकीकडे, रेघ दुसरीकडे, आणि 'वाटाणा'मधला एक काना उडालेला. तिच्या अंगावर शहारा आला. पण वाचला. सशाचं मांस, सशाचं काळीज, वाटाणा, जवसाचं तेल, मांजरांना लागतंच ते टॉरिन, जीवनसत्त्वं. कोंबडी नाही, तिची चरबीही नाही. 'मोठ्या मांजरांसाठी संपूर्ण आहार.' तिने वरून खाली वाचला, पुन्हा वाचला, सासूबाईंनी तिसऱ्यांदा वाचायला लावला.

"आई, यात एक चूक आहे."

"कोंबडीची?"

"नाही. छपाईची."

"मग घे की बये! मुकादम काय काना-मात्रा खाणार आहे?"

त्या दिवसापासून घरात दुसरं काही शिरलं नाही. नवऱ्याने एकदा लाडाने आपल्या ताटातला तुकडा मुकादमाला टाकला, तर दोन्ही बायकांनी त्याला असं फैलावर घेतलं की तो बिचारा लिफ्ट अडकल्यासारखा दारात उभा राहिला. डॉक्टरबाईंना भिंगवालीने स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, मग हसल्या आणि गोळ्या लांबणीवर टाकल्या.

आणि मग रोजची वाट बघणं. ओकणं थांबलं. चट्टे सुकले. पण मान तशीच उघडी. सासूबाई रोज बोटं फिरवायच्या, रोज म्हणायच्या, "अजून नाही गं."

एका संध्याकाळी भिंगवाली कामावरून येऊन चहा टाकत होती, आणि आतल्या खोलीत धप्प आवाज झाला. कपाटाचा माथा वाजला. कित्येक दिवसांत न वाजलेला.

"आला का गं तो वर?" सासूबाई ओरडल्या. "आला का?"

आला होता! वर बसून दोघींकडे असा बघत होता, जणू या इतके दिवस कामचुकारपणा करत होत्या. भिंगवाली स्टुलावर चढली आणि त्याला अलगद खाली सासूबाईंच्या मांडीत आणून ठेवलं. सासूबाईंनी मानेवर बोटं ठेवली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. काळ्या चष्म्याखालून पाणी गालावर आलं. त्यांनी सुनेचा हात ओढून घेतला. "बघ. इथे."

भिंगवालीचा हात सवयीने भिंगाकडे गेला.

"ते राहू दे. बोटाने बघ."

तिने बोट टेकवलं. मऊ, आखूड, नवे केस. ती आनंदाने शेपटीकडून मानेकडे हात फिरवायला लागली, तसा मुकादम गुरगुरला.

"अगं सुलट!" सासूबाई रडत रडत हसल्या. "आता तरी सुलट फिरव, नाहीतर चावेल तो तुला."