आंदणाच्या गाद्या

पोल व्हॉल्ट मी कुटारावर शिकले. कुटार म्हणजे तुरीचं, सोयाबीनचं भुसकट. आमच्या तेल्हाऱ्याकडं ते बैलांसाठी रचून ठेवतात. आमच्या छोट्याशा कॉलेजात ना गादी होती ना पोल. खेळाचे सर म्हणाले, "हात मोडला तं तुझा बाप मले सोडन का?" मग मी बापालाच गाठलं. बाबांनी खळ्यात कुटाराचा ढीग पसरला, एक बांबू तासून दिला आणि दोन खांबांना आईची कपडे वाळवायची दोरी आडवी बांधली.

पहिल्यांदा मी ढिगापर्यंत पोचलेच नाही. नंतर पोचले ती तोंडावर. केसांत, कानांत, नको तिथं कुटार. आई मला अंगणातच थांबवून फड्यानं झाडायची आणि मगच घरात घ्यायची. त्यात बैल रोज माझ्याच ढिगातलं खायचे. मी जसजशी उंच जायला लागले, तसतसा ढीग खाली बसत गेला. सांगायचं कोणाला?

आईला हे खूळ मुळीच पटत नव्हतं. बाळापूरहून एक बरं स्थळ आलं होतं. घरच्या कापसाच्या नव्या गाद्या भरून तिनं माझ्या आंदणासाठी कोठीत रचूनही ठेवल्या होत्या. शेवटी ती म्हणाली, "अमरावतीच्या स्पर्धेत आडव्या काठीवरून गेली, तं मी काई म्हणत नाई. नाई गेली, तं पाहुण्यायले बोलावतो." मीही तोऱ्यात हो म्हणून बसले.

अमरावतीला बाबा सोबत आले. मैदानावरची ती मऊ, निळी गादी पाहून मला रडूच यायचं बाकी होतं. पहिल्या उडीत मी गादीकडं बघता बघता काठीखालूनच गेले. दुसऱ्या उडीत बांबू जमिनीतल्या खाचेत बसलाच नाही आणि मी बांबूसकट आडवी झाले. शेवटच्या उडीत मात्र, काय सांगू, पाय, पोट, हात, सगळी मी काठीवरून गेले. गादीवर पडून हसायलाच लागले. वर पाहते तर माझा बांबू मागून निवांत येऊन काठीला टेकला आणि काठी खाली आली. पंचांनी लाल झेंडा दाखवला. वर गेल्यावर बांबू मागं ढकलून द्यायचा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. घरी दोरी होती. बांबू टेकला म्हणून दोरी कुठं पडते?

येताना एसटीत बाबा एवढंच म्हणाले, "तू गेली तं होती वरून. मी पायलं ना."

"आई मानणार नाही, बाबा."

"हं," म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले. मी गावापर्यंत ओढणीत तोंड खुपसून रडले.

सकाळी उठून पाहते, तर बाबा कोठीतल्या गाद्या एकेक करून खळ्यात नेऊन टाकत होते. आई मागं मागं. "अवो, काय करून राहिले तुमी? लग्नाच्या हायेत त्या."

"कुटार सरलं," बाबा म्हणाले. "अन् तिच्यासाठीच भरल्या ना? मंग पडू दे तिले." त्यांनी दोरी सोडली आणि खांबांच्या खिळ्यांवर एक हलकी काठी नुसती टेकवून ठेवली, धक्का लागला की पडेल अशी.

आई तिथंच उभी राहिली. मी बांबू धरून उभी, पण धावायची हिंमत होईना. आता ही मला बडवते की रडते, काही कळेना. इतकी मेहनत करून तिनं त्या भरून घेतल्या होत्या, आणि मला स्वतःपेक्षा तिचंच जास्त वाईट वाटत होतं. ती घरात गेली. जुनं सुती लुगडं घेऊन आली, गाद्यांवर अंथरलं, चारी कोपरे नीट खाली खोचले.

"बाळापूरवाल्यायले काय सांगायचं ते मी सांगतो," ती म्हणाली. "तू पाय धुऊन ये. मंग पड."