कडा साफ करून

मी गाव सोडलं त्या सकाळी एसटी फाट्यावर उभी होती, कंडक्टर बोंबलत होता, तू माझी बॅग चढवत होतास आणि अण्णा मला पांढरीकडे पिटाळत होते. आधी पांढरीला हात लावून ये, मग चढ, असं त्यांचं चाललं होतं. दादा, तुला पांढर सांगायला नको. पण तुझ्यानंतर हे मी आपल्या गावातून चाकणला आलेल्या सगळ्यांना पाठवणार आहे, आणि त्यातल्या निम्म्यांना आता ती आठवतही नसेल. जुनं गाव जिथं वसलं होतं तो राखेमातीचा उंच ढिगारा. त्याची माती धाब्याच्या घरावर टाकली की छत गळत नाही. मला तेव्हा तिचा एवढाच उपयोग माहीत होता. मी पळत गेले, बुटाचं टोक लावलं आणि परत आले. अण्णांनी ते पाहिलं. "हात म्हणलो होतो," एवढंच बोलले.

अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. ही तीन वर्षं तू एक गोष्ट स्वतःच्या माथी घेऊन फिरतोयस. त्या वर्षी पावसाआधी धाब्यावर माती टाकायचं काम तुझं होतं. तू आज-उद्या करत सासुरवाडीच्या लग्नाला गेलास, म्हणून अण्णा एकटेच माती आणायला गेले आणि पांढरीचा कडा त्यांच्या अंगावर आला. तुला असंच वाटतं, आईला असंच वाटतं, गाव तर तसं बोलूनच दाखवतं. तू धाबं पाडून पत्रे टाकलेस. अण्णांच्या जागेवर तू अजून जेवायला बसत नाहीस. दादा, हे सगळं चूक आहे. अण्णा मातीसाठी गेलेच नव्हते. त्यांना मी पाठवलं होतं.

मध्येच उठून जाऊ नकोस. पूर्ण वाच.

मोशीत मी ज्यांच्याकडे खोली घेतली ते नाना तिथले जुने शेतकरी. वावर सगळं इमारतींखाली गेलेलं, उरलं एक घर आणि त्यावर चढवलेल्या भाड्याच्या खोल्या. "आमी कुठं गेलो न्हाई, गावच आमच्याखालनं निघून गेलं," असं ते हसत सांगायचे. मी सकाळी कंपनीची बस पकडून चाकणला जायची, क्वालिटीत आठ तास पार्ट मोजायची, परत यायची, भात लावायची. बोलायला कुणी नाही. आईला फोन केला की तीच तीन वाक्यं. माझं तोंड पडलेलं बघून नानांनी मला त्यांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. नाव होतं 'खगोल, उत्खनन आणि टाइमपास'.

काय सांगू, जीव रमला माझा तिथं. शनीची कडी खरंच नाहीशी होणार का, यावर दोन दिवस भांडण. मंगळावर कधीकाळी पाणी होतं असं कुणी टाकलं की नाना लिहायचे, तिथल्या पाण्यावर इंद्रायणीसारखा फेस होता का ते आधी इचारा. सांगवीच्या एक मॅडम होत्या, कॉलेजात पुरातत्त्व शिकवायच्या. त्या कधी खापराचा तुकडा दाखवून ओळखा म्हणायच्या. बारावीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं की तुला काय वाटतं. लाइनवर उभी असतानाही माझं अर्धं लक्ष खिशातल्या फोनकडे असायचं.

एकदा मॅडमनी जुन्या वस्त्यांच्या ढिगाऱ्यांबद्दल लिहिलं. एकावर एक घरं पडतात, जळतात, पुन्हा उभी राहतात, त्याचे थर मातीत दिसतात. मी हरखून लिहिलं, अहो, ही तर आमची पांढर! सगळे माझ्या मागे लागले, फोटो टाक, फोटो टाक. मॅडमनी लिहिलं, "कुणाला तरी कडा साफ करून फोटो काढायला सांग, म्हणजे थर नीट दिसतील."

मी तेच वाक्य उचलून अण्णांना फोनवर सांगितलं. कडा साफ करून फोटो काढा.

दादा, मॅडमच्या भाषेत साफ करणं म्हणजे ब्रशनं वरची धूळ झटकणं. आमच्या कंपनीत साफ करणं म्हणजे पार्टवरचं ऑइल फडक्यानं पुसणं. आणि अण्णांनी जन्मभर काय साफ केलं? बांध साफ केला, चारी साफ केली. त्यांचं साफ टिकावानं असायचं. मी दिवसभर मिलिमीटरचे भाग मोजते, ड्रॉइंगवर एक आकडा संदिग्ध असला तर लाइन थांबवते. बापाला मात्र एक आख्खा शब्द तसाच सोडून दिला. मी एवढंच म्हणाले, अण्णा, फार त्रास घेऊ नका. तर म्हणाले, "थांब की. तुझ्या शिकल्या-सवरल्या लोकांत आपली माती घाण कामून दिसावी?"

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या शिफ्टला होते. चहाच्या सुट्टीत त्यांचा फोटो आला. कडा वरपासून सरळ तासलेला. पांढरा थर, खाली राखेचा, खाली लाल भाजल्या मातीचा. इतका सुंदर होता की मी शेजारणीला दाखवला. फोटोखाली त्यांचा आवाज होता, धापा टाकत बोललेला. "खाली अजून काळं लागलंय बघ. खालून आत कोरत साफ करू का?"

घंटा झाली होती. मी अंगठा पाठवला. तो पिवळा अंगठा. आणि हातमोजे चढवून लाइनवर गेले.

अकराच्या सुमारास तुझा फोन आला. तू लग्नाच्या मांडवातून बोलत होतास, मागे सनई वाजत होती.

दहाव्याच्या दिवशी तू अण्णांचा फोन माझ्या हातात दिलास. तुला तो उघडता येत नव्हता. मला येत होता, कारण त्याचा पॅटर्न मीच लावून दिला होता. न्हाणीत जाऊन मी आमचं सगळं बोलणं पुसलं. फोटो, आवाज, अंगठा. बाहेर आले तेव्हा तू ओट्यावर बसून चारचौघांना सांगत होतास की माझ्या आळसानं बाप गेला. मी ऐकलं आणि आत चहा टाकायला गेले. कडा पडला ती चूक झाली असेल, दादा. पण हे मी जाणूनबुजून केलं.

त्या ग्रुपवर मॅडम नंतर विचारत होत्या, आला का फोटो? मी काही न लिहिता बाहेर पडले. त्यांना अजून माहीत नाही, आणि त्यांना सांगायचं कशाला? त्यांचं काही चुकलं नव्हतं.

गावी येणं मी कमी केलं ते ओव्हरटाइममुळे, असं आईला सांगत आले. खरं तर तू जमिनीवर भिंतीशी बसून जेवतोस ते मला बघवत नाही. गेल्या महिन्यात नानांसमोर माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या गावची पांढर फ्लॅटखाली गेली. आता माफी मागायची तर कुनाकडं मागू? तुजा भाऊ हाय ना अजून? मग जा की बाई."

म्हणून लिहितेय. फोनवर सांगितलं असतं तर मी पुन्हा अर्धंच बोलले असते.

इतकी वर्षं लोक विचारायचे, घर कुठं तुझं, तर मी गावाचं नाव सांगायची आणि आतून कसंसंच व्हायचं. ज्या घरात माझ्या वाटणीचा दोष दुसरा भोगतोय त्याला माझं घर म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? आता निदान नाव सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटणार नाही, मग तिथं मला जागा राहो न राहो.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. फाट्यावर उतरून आधी पांढरीला हात लावीन, मग घराकडे येईन. आईला मीच सांगेन, तू सांगू नकोस. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. पण दादा, शुक्रवारी रात्री जेवायला अण्णांच्या जागेवर बस.