हात जाईल एवढी जागा

कनकाच्या डोक्यात एकोणतीस वर्षांच्या इमारती होत्या आणि त्यांतली एकही तिनं पाहिलेली नव्हती. नुंगंबाक्कममधल्या एका ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून ती पोलादी इमारतींची ड्रॉइंगं काढायची. कुठला तुकडा किती लांब कापायचा, भोकं कुठे पाडायची, बोल्ट कुठे बसणार, सगळं तिच्या कागदावर ठरायचं. इमारत मात्र उभी राहायची सातासमुद्रापार, कुठल्यातरी बर्फाच्या गावी. कधी इस्पितळ, कधी गोदाम, एकदा तर विमानतळाचं छप्पर.

त्यामुळे तिला एक खोड जडली होती. दुपारची कॉफी झाली, डोळे जडावले, की ती आपल्याच ड्रॉइंगमधून फिरायला निघायची. बीमखालून जायची, कॉलमला वळसा घालायची, छताकडे बघत उभी राहायची. बाहेर बर्फ पडत असायचा आणि आत चिटपाखरूही नसायचं. तिच्या पावलांचाही आवाज व्हायचा नाही. आसपासच्या पोरींना वाटायचं, अक्कांना डुलकी लागली. वाटू दे बापड्यांना.

या पोरींना कामाचे शब्द शिकवणं हेही तिच्याकडेच होतं. ती तमिळमध्ये, हळू आवाजात, गोष्ट सांगितल्यासारखं सांगायची. "कॉलम उभा असतो. बीम त्याच्या खांद्यावर आडवा निजतो. वारा आला की दोघेही कलायला बघतात, म्हणून मध्ये तिरपी घालायची ती ब्रेसिंग. आणि ही मंडळी जिथं भेटतात तिथं जाड पत्र्याचा एक तुकडा, सगळ्यांना धरून ठेवणारा. ती गसेट प्लेट." पोरी लिहून घ्यायच्या. परीक्षेत नसलेली एवढी सोपी गोष्ट त्यांना कॉलेजात कुणी सांगितलेली नसायची.

या महिन्याअखेरीस कनका रिटायर होणार होती. आणि नशीब बघा, शेवटचं काम आलं ते थेट तिच्याच शहरातलं. तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत मुलींच्या शाळेचं वाचनालय, दोन मजली, सगळं पोलादाचं. नवरा, चंद्रमौळी, घरी पेपर वाचता वाचता, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात टिकलेल्या जुन्या मराठीत म्हणाला, "येवढीं घरें बांधलींस, आतां एक तरी दाखव की मला!"

"उभें तर राहूं द्या," ती म्हणाली.

तिला एवढंच हवं होतं. रिटायर होण्याआधी आपली एक इमारत, जशी काढली तशीच, कुठेही न कापता उभी राहिलेली डोळ्यांनी बघायची. तिच्या माहितीत तिचा एकही जोड साइटवर कापावा लागला नव्हता. या गोष्टीचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

बुधवारी सकाळी साइट इंजिनिअरचा फोन आला. उदयसिंह नावाचा साताऱ्याकडचा तरुण माणूस. इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, तळाच्या ब्रेसिंगच्या जोडांत एकेक बोल्ट लागत नाहीये. गसेट प्लेटचा कोपरा गॅसनं कापतो. तुमची फक्त मंजुरी हवी."

कनका खुर्चीतून उठलीच. घाबरली की तिच्या तोंडून घरचीच भाषा निघे. "कापूं नका हो! मीं येतें, येतेंच मीं!"

पलीकडून लगेच मराठीत आलं, "मॅडम, तुम्ही मराठी? या या, सावकाश या. थांबवतो मी."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती रिक्षात बसली. वाटेत मोबाइलवर ड्रॉइंग उघडून पाहिलं. बोल्ट अगदी बरोबर भोकात बसलेला दिसत होता. कुठेही चूक नव्हती.

साइटवर तिला हेल्मेट मिळालं. ते अंबाड्यावर तरंगत राहिलं. समोर तिची इमारत होती, अर्धी झालेली, लाल रंगाची आणि उन्हानं तापलेली. तिला वाटलं होतं आपण खूप वेळ बघत राहू, पण मुरलीनं, म्हणजे जोडणी करणाऱ्या मेस्त्रीनं, तिला सरळ पहिल्या कॉलमच्या पायाशी नेलं. गॅसची नळकांडी तिथं आणून ठेवलेली होती.

"बघा अक्का," तो तमिळमध्ये म्हणाला. "भोक बरोबर आहे. पण गसेटचा कोपरा आणि ही बळकटीची पट्टी आड येतात. मागून नट धरायला हात कुठून घालू?"

त्यानं हात घालून दाखवला. मनगटाशी अडकला. बाहेर काढला तेव्हा बोटांच्या पेरांवरची साल निघालेली दिसली, कालचीही आणि आजचीही.

"हें काय लागलें?" तिनं मराठीतच विचारलं आणि मग तमिळमध्ये.

"हाच बोल्ट, अक्का," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

कनकाला भयंकर लाज वाटली. कॉम्प्युटरवर बोल्ट आपोआप बसतो, तिथं हात लागत नाही. एकोणतीस वर्षं ती त्या रिकाम्या इमारतींतून फिरली, आणि त्या रिकाम्या नव्हत्याच. बर्फात, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी, कुणीतरी तिच्या अशाच कोपऱ्यांत हात खुपसत असणार आणि तिला शिव्या घालत असणार. त्यांनी फोन केला नव्हता इतकंच.

"मला माफ करा," ती मुरलीला म्हणाली. तो गोंधळून उदयसिंहकडे बघू लागला.

मग तिनं बांगड्या उतरवून उदयसिंहच्या हातात दिल्या आणि जमिनीवर बसकण मारली. "अहो मॅडम, साडी!" तो म्हणाला. तिनं लक्ष दिलं नाही. तिचा हात लहान होता. पोलादाचा चटका बसत होता, तरी हात पट्टीच्या मागे गेला. दोन बोटांत नट धरून तिनं चाचपडत बोल्टाचं टोक शोधलं. मुरलीनं समोरून पाना लावला आणि हळूहळू फिरवू लागला. तिच्या बोटांत काहीतरी पकडलं, घट्ट झालं. मग मुरलीनं एक चपटा पाना फटीतून सरकवला आणि उरलेलं काम त्यानं केलं.

"झालं, अक्का. काढा हात."

तिनं लगेच काढला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला ते पुसायचंही नव्हतं.

असे चार कॉलम होते. चौथ्यापर्यंत तिच्याही पेरांची साल निघाली. उदयसिंहनं नळकांडी परत पाठवली आणि तिच्या हातावर पाणी ओतलं. तेवढ्यात मुरली मान खाजवत, जरा संकोचून म्हणाला, "अक्का, वरच्या मजल्यावर अजून आठ आहेत."

कनकानं ऑफिसात फोन करून पूर्ण दिवसाची रजा सांगितली. पदर खोचला आणि विचारलं, "जिना कुठं आहे?"

जिना तिनंच काढला होता, पण तो कुठल्या बाजूला आहे ते तिला आधी विचारावं लागलं. मुरली पुढे झाला. सोळा पायऱ्या होत्या, हे तिला पाठ होतं. तरी ती एकेक मोजत चढली, आणि प्रत्येक पायरीवर तिच्या पावलाचा आवाज झाला.