मी विमान फेकायचे

दादाच्या दहाव्याला कावळा शिवला, याचा मला अजून राग आहे.

इंद्रायणीच्या घाटावर सकाळपासून माणसं जमली होती. आमच्याकडे मावळात दहाव्याला आधी प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं होतात. एकदा माइक हातात आला की गेलेला माणूस कोण होता याच्याशी बोलणाऱ्याचं फारसं देणंघेणं राहत नाही. एका पुढाऱ्याने दादाला 'विमान क्षेत्रात गावाचं नाव मोठं करणारा तरुण' म्हटलं. दादाचे केस पिकायला लागले होते. तळेगावकडच्या एका कारखान्यात तो मशिनं दुरुस्त करायचा. विमानं तो घरी करायचा, फोमबोर्डाची. शाळेच्या प्रोजेक्टला मुलं वापरतात तो पांढरा, दोन्ही अंगांना कागद चिकटवलेला हलका फोम. त्याला मोटर, बॅटरी बसवून तो ती रिमोटवर उडवायचा, आमच्याच खाचरात. एवढंच ते विमान क्षेत्र.

पिंड मांडले. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, खाली येईनात. मग नेहमीचं सुरू झालं. माणसाची इच्छा राहिली आहे असं धरून एकेक जण हात जोडून शब्द द्यायला लागला. पोरीला शिकवू. बायकोला अंतर देणार नाही. बांधाचा वाद मिटवू, असंही एकजण म्हणाला, तेव्हा मागे कुणीतरी हसलं. कावळे जागचे हलले नाहीत. शेवटी आमचे चुलते पुढे आले. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

"बाबा, तुझं ते अर्दं इमान राह्यलंय न्हवं, ते उडवू आमी," आबा म्हणाले. "ही तुझी बहीन उडवंल. जा आता."

आणि एक कावळा उतरला, पिंडाला चोच लावून गेला. बायका रडल्या. पुरुषांनी टोप्या सारख्या केल्या आणि ते जेवणाच्या दिशेने वळले. मला कुणी काही विचारलं नव्हतं. माझ्या नावावर, माझ्यादेखत, एका मेलेल्या माणसाला शब्द दिला गेला होता आणि एका पक्ष्याने तो स्वीकारला होता.

यातला खरा राग लोकांना कळला नसता. मी लोणावळ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. गेली कित्येक वर्षं रविवारी कान्ह्याला उतरून गावी जायचे ते दादाचं विमान फेकायला. अशा विमानाला चाकं नसतात. एकाने रिमोट धरायचा, दुसऱ्याने विमान हवेत सोडायचं. पंखाच्या मागे पोटाखाली हात धरायचा, मोटरचा आवाज चढला की चार पावलं पळायचं आणि नाक सरळ ठेवून ढकलायचं. नाक वर केलं तर पडतं. मी कधी नाक वर केलं नाही. माझ्या हातातून सुटलं की ते दादाचं व्हायचं. तो मान वर करून फिरवायचा, मी बांधावर उभी राहायचे. पडलं की चिखलातून उचलून आणायचे मी.

रिमोट मी मागितला नाही असं नाही.

"तुला नाही जमायचं," तो म्हणायचा. "हे पुस्तकातलं नाही. मोडून ठेवशील."

एकदा मी हट्टच केला तेव्हा त्याने रिमोट माझ्या हातात दिला आणि माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली. विमान त्यानेच उडवलं. खाली उतरल्यावर म्हणाला, "बघ, उडवलंस की." मी हसले. तेव्हा हसले याचाही आता राग येतो.

त्याच्या विमानाच्या बॅटरीला एक छोटी शिट्टी लावलेली असायची. बॅटरी उतरत आली की ती कर्कश ओरडायची आणि दादा हातातलं सगळं सोडून विमान खाली घ्यायचा. बॅटरी जरा फुगलेली दिसली की तो ती हात न लावता बाजूला टाकायचा. याच माणसाच्या छातीत पावसाळाभर दुखत होतं आणि तो पित्ताच्या गोळ्या खात होता. वहिनी डॉक्टरकडे चला म्हणाली की तो म्हणायचा, रविवार सोडून जाऊ. बाकीच्या वारी त्याची ड्यूटी असायची. एका सकाळी तो उठलाच नाही.

दहाव्यानंतर गावात पाऊल टाकणं अवघड झालं. स्टेशनवर, किराणाच्या दुकानात, देवळासमोर, जो भेटेल तो विचारायचा, "उडवलं का गं?" जणू लाइटबिल भरायचं राहिलंय. दुकानदार तर म्हणाला, "ताई, दिलेला शब्द लोंबकळत ठेवू नये. घरात लहान पोर आहे." भाचीला साधा ताप आला तेव्हा वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली. मी विचारलं तेव्हा परातीतल्या पिठाकडे बघत म्हणाली,

"वन्सं, तुमचा इस्वास न्हाई, मला ठावं हाय. माझा हाय. ते हितंच घुटमळत्यात. मला झोप न्हाई."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मला वाद घालायचा होता. वाचलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. पण हे विमान उडाल्याशिवाय ती झोपणार नव्हती आणि ते उडवायला दुसरं कुणी नव्हतं. त्या रविवारी मी पडवीत बसले आणि दादाचं अर्धं विमान पुढ्यात ओढलं.

एक पंख तयार होता. दुसऱ्यासाठी फोमवर पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या होत्या, कुठली कापायची, कुठली दुमडायची याची एकही खूण नव्हती. खुणा कशाला करील? कळायचं त्याला एकट्याला होतं. दुमडायच्या रेघेवर वरचा कागद आणि फोम कापायचा असतो, खालचा कागद शाबूत ठेवायचा, मग तोच बिजागरीसारखा वळतो. मी पहिल्यांदा आरपार कापलं. नवा फोमबोर्ड पुण्याहून आणला आणि पुन्हा कापलं. ग्लू गनने बोटं पोळली. आत ताकदीला लाकडी पट्टी चिकटवली, शेपटीची फळी हलवायला सायकलच्या स्पोकचा तुकडा वळवला. पंख रबरबँडांनी अंगाला बांधला. मोटर लावली तर पंखा उलटा फिरून वारा पुढे फेकायला लागला. रात्रभर वाटलं की मोटर जळली. मग वाचून कळलं, मोटरच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की ती सुलट फिरते. केल्या, फिरली. पडवीतले कागद उडाले. मला आनंद झाला नाही. एवढंसं होतं, तर इतकी वर्षं त्याने ते गुपितासारखं का जपलं, हेच डोक्यात राहिलं.

भात कापून झाल्यावर खाचर मोकळं झालं. वारा सुटायच्या आत, सकाळी, आम्ही तिघं गेलो. मी, वहिनी आणि आबा. कामशेतच्या डोंगरावरून छत्र्या घेऊन उडणारे लोक अजून वर आले नव्हते. दादा नेहमी त्यांच्याकडे बघून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. वहिनीने विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

"फेकणार कोण?" मी विचारलं.

"मी हाय की," आबा म्हणाले. "पाखरं हाकलून जल्म गेला. दगडं काय कमी मारल्यात?"

"दगडासारखं नाही मारायचं, आबा. नाक सरळ."

"व्हय व्हय. नाक सरळ."

तोल मी घरीच पाहिला होता. पंखाखाली दोन ठिपके असतात, त्यांवर दोन बोटं टेकवून विमान उचलायचं, आडवं राहिलं की झालं. मी बांधावर जाऊन वाळकं गवत सोडून वारा पाहिला आणि परत आले. बॅटरी जोडली. रिमोट उचलला. आबा त्यांच्या मानाने बरंच पळाले आणि नाक अगदी सरळ ठेवून त्यांनी विमान सोडलं.

ते उभंच राहिलं. आकाशाकडे तोंड करून, शेपटीवर बसल्यासारखं क्षणभर थांबलं आणि एका कुशीवर कोसळलं.

मी धावत गेले. पंख मधोमध मोडून लोंबत होता. शेपटीकडचा भाग उसवला होता आणि त्यातून स्टीलचा पट्टा बाहेर आला होता. ओढला तर दादाचं मनगटी घड्याळ हातात आलं.

"हे कुणी घातलं?"

वहिनीने आबांकडे पाहिलं.

"म्या," आबा म्हणाले. "तू बांधावर गेलतीस तवा. म्हनलं, त्यालाबी येकदा वर जाऊ दे."

"आबा, शेपूट जड झालं की विमान पडतं."

"येवड्याशा घड्याळानं?"

"एवढ्याशा घड्याळानं."

"मग फुडं घालाया पायजे हुतं का?"

मी मोठ्या माणसांशी आवाज चढवून बोलत नाही. त्या दिवशी बोलले. कुणाला विचारून माझं नाव घेतलंत, म्हणाले. तुमच्या कावळ्यासाठी मी बोटं भाजून घेतली, म्हणाले. आयुष्यभर त्याने मला फेकायला ठेवलं आणि मेल्यावर तुम्ही मला उडवायला लावता, हेही म्हणाले. हे सगळं धसकटांत उभं राहून, हातात मोडका पंख धरून. वहिनीने पदर तोंडाला लावला. आबांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"त्योच म्हनायचा," ते मग म्हणाले. "माज्यामागं हे कुनाला जमंल तर हिलाच. हिनं नुस्तं बघून सगळं घेतलंय. म्हनून तुजं नाव घेतलं. दुसरं कुनाचं घेऊ?"

"मला कधी म्हणाला नाही."

"तुज्या तोंडावर कशाला म्हनंल? भाऊ हाय तुजा."

घाटावर जे वाटलं होतं त्याच्या दुप्पट राग आला. गावभर सांगता आलं, मला सांगता आलं नाही. मी पिशवीतली चिकटपट्टी काढली आणि पंख दोन्ही बाजूंनी गुंडाळला. घड्याळ वहिनीकडे दिलं, तिने ते पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. यावेळी विमान पुन्हा दोन बोटांवर धरून पाहिलं. आडवं राहिलं.

आबांनी फेकलं. ते थोडं खाली बसलं, मी रिमोटची दांडी जराशी मागे घेतली आणि ते वर निघालं. बांध ओलांडला, पलीकडच्या खाचरावर गेलं. वळवताना मी जास्त ओढलं, ते कलंडलं, मी सोडल्यावर आपोआप सावरलं. मग डावीकडे एक फेरी, आणखी एक. पांढरं पोट, त्यावर माझी तपकिरी चिकटपट्टी. माझ्या बोटांवर कुणाचीही बोटं नव्हती.

वहिनी हात जोडून वर बघत होती. "सुटला बाबा," आबा म्हणाले. ती खाली बसली आणि दहाव्यालाही रडली नव्हती तशी रडली.

मी रडले नाही. ते सोपं होतं. अवघड असतं तर मी त्याला माफ केलं असतं. म्हटलं असतं, खरंच मी मोडलं असतं, खरंच हे पुस्तकातलं नव्हतं. पण ते सायकल शिकण्याइतकं सोपं होतं आणि हे त्याला माहीत होतं. आता ते तोंडावर फेकायला माणूस उरला नव्हता.

शिट्टी वाजली. मी मोटर बंद करून विमान उतरवलं, ते धसकटांवर घसरत जाऊन थांबलं. सवयीने पाय उचलला, तोवर आबा निघाले होते. त्यांनी ते दोन्ही हातांत, लहान मूल आणावं तसं आणलं.

"चला," ते म्हणाले. "ऊन चढलं."

मी दुसरी बॅटरी काढली आणि जोडली.

"आता कशाला? शब्द पुरा झाला की."

"तुमचा झाला," मी म्हणाले. "फेका."